चित्र यंत्राचे, अर्थ वैद्याचा

दिवाळीपूर्वी दुकानातील मालाची मोजदाद करण्याची रीत व्यापारी घरांत पूर्वापार आहे. खतावणीत शिल्लक कितीही दिसत असली, तरी गोदामात प्रत्यक्ष पोती किती, त्यांतील ओल लागलेली किती, विकण्याजोगी किती, हे पाहिल्याशिवाय जाणता व्यापारी पुढील वर्षाचा व्यवहार ठरवीत नाही. अलीकडे याच घरांत शरीराच्या मोजदादीचीही सवय रुजू लागली आहे. वर्षातून एकदा तपासण्यांचे ‘पॅकेज’ घेतले जाते आणि जाडजूड फाईल घरी येते. तीत हृदयाची करड्या रंगाची चित्रे असतात, आकडे असतात आणि खाली कोणाची तरी स्वाक्षरी असते. ती पाहून घरातील एखादा घाबरतो, तर दुसरा निर्धास्त होतो. या दोन्ही प्रतिक्रिया बहुधा घाईच्या असतात. हृदयाच्या चित्रावर आजाराचे नाव छापलेले नसते. ते चित्र वाचावे लागते.

हे वाचन ज्यांनी आपला व्यवसाय मानला, अशा हृद्रोगतज्ज्ञांची एक स्वतंत्र शाखा गेल्या सत्तर वर्षांत उभी राहिली. हे डॉक्टर सहसा स्टेंट बसवीत नाहीत आणि छातीही उघडत नाहीत. मंद उजेडाच्या खोलीत पडद्यासमोर बसून ते हृदयाच्या झडपा, भिंती आणि रक्तवाहिन्या न्याहाळतात. सीटी व एमआरआय या तपासण्यांत क्ष-किरणतज्ज्ञ आणि हृद्रोगतज्ज्ञ अनेक ठिकाणी मिळून अहवाल तयार करतात. रुग्णाला त्यांची नावे बहुधा आठवतही नाहीत. तरी शस्त्रक्रिया करावी की नाही, केली तर कोणती आणि केव्हा, हा घराला हादरवणारा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच वाचनावर उभा असतो.

प्रश्न आधी, यंत्र नंतर

या शाखेचा उगम स्वीडनमधील लुंड या विद्यापीठनगरीत झाला. तेथील रुग्णालयात इंगे एडलर हे हृद्रोगतज्ज्ञ होते. त्या काळी संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप खराब झालेले तरुण रुग्ण मोठ्या संख्येने येत. ही झडप डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधील दार होय. काहींचे हे दार आकसून अरुंद होई, तर काहींचे नीट मिटत नसे आणि रक्त उलटे गळे. कित्येकांत दोन्ही दोष एकत्र असत. अरुंद झडप रुंद करण्याची शस्त्रक्रिया नुकतीच प्रचारात आली होती. शल्यविशारद धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करीत. मात्र जिचा मुख्य दोष गळतीचा आहे, ती झडप आणखी रुंद करणे म्हणजे रुग्णाला अधिक संकटात लोटणे होय. शस्त्रक्रियेपूर्वी कोण योग्य आणि कोण अयोग्य, हे सांगण्याची जबाबदारी एडलर यांच्यावर होती. स्टेथोस्कोप, हृदयालेख आणि क्ष-किरण ही तिन्ही साधने कित्येकदा निर्णायक उत्तर देत नसत.

एडलर यांनी कार्ल हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारले, की रडारसारखे काही वापरून हृदयाच्या आत डोकावता येईल काय? रडारने हे जमणार नाही, परंतु श्राव्यातीत ध्वनीने जमू शकेल, असे हर्ट्झ यांचे उत्तर होते. असे यंत्र जवळच्याच माल्मो शहरातील जहाजबांधणीच्या कारखान्यात होते. पोलादी पत्र्यांच्या जोडकामात आत कोठे भेग राहिली आहे काय, हे त्यावर तपासले जाई. ध्वनिलहर आत सोडायची आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून दोषाचे अंतर काढायचे, एवढेच त्याचे तत्त्व. ते यंत्र छातीवर टेकवताच हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी पडद्यावर दिसला. पुढे सीमेन्स कंपनीकडून अधिक चांगले यंत्र उसने मिळाले. हर्ट्झ यांचे वडील, नोबेल पारितोषिकप्राप्त शास्त्रज्ञ गुस्टाव्ह हर्ट्झ, यांचा त्या कंपनीशी असलेला जुना संबंध येथे कामी आला. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी जिवंत हृदयाच्या हालचालीचा आलेख प्रथम नोंदला गेला. आज ज्या तपासणीला सर्वजण ‘इको’ म्हणतात, तिचा हा आरंभ.

यापुढील घटना अधिक बोलकी आहे. आलेखात एक रेषा ठळकपणे वरखाली होताना दिसे. ती हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीची असावी, असे आरंभी मानले गेले. मृत्यूनंतरच्या तपासण्यांतून एडलर यांनी ध्वनिलहरीचा मार्ग काटेकोरपणे पडताळला, तेव्हा ती रेषा भिंतीची नसून खुद्द मायट्रल झडपेच्या पुढील पाकळीची असल्याचे सिद्ध झाले. झडप अरुंद असेल तर ही रेषा सावकाश उतरते, हेही निश्चित झाले. जो प्रश्न घेऊन एडलर निघाले होते, त्याचे उत्तर त्या एका उतारात होते. यंत्र पहिल्या दिवसापासून खरेच दाखवीत होते. अर्थ मात्र माणसाला शोधावा लागला. १९७७ मध्ये या दोघांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

वेगाचा वर्ग आणि चारचा गुणाकार

इकोने झडपेची हालचाल दाखवली. झडपेमुळे रक्ताला किती अडथळा होतो, हे मोजण्याचे काम राहिले होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतील ट्रॉन्डहाईम येथील लिव्ह हॅटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉप्लर तंत्राने ते बऱ्याच अंशी साधले. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाण्याची धार जोराने उडते. त्याचप्रमाणे अरुंद झडपेतून रक्त वेगाने निसटते. हा वेग सेकंदाला किती मीटर, हे मोजून त्याचा वर्ग करावा आणि त्याला चारने गुणावे, म्हणजे झडपेच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये अंदाजे मिळतो. वेग ४ मीटर असेल तर फरक ६४ होतो. हृदयातून बाहेर पडणाऱ्या महाधमनीच्या झडपेत, म्हणजे एऑर्टिक झडपेत, वेग ४ मीटर वा अधिक असला, तर आकुंचन तीव्र मानले जाते. वयोवृद्धांत ही झडप चुन्याने कडक होण्याचा विकार पुष्कळ आढळतो.

व्यापारी माणसाला हा हिशेब चटकन पटेल. परंतु येथेच एक गफलत संभवते. ध्वनिलहर रक्ताच्या धारेला समांतर गेली नाही, तर मोजलेला वेग खऱ्याहून कमी भरतो. वेगाचा वर्ग होत असल्याने वेगातील लहान चूक दाबाच्या आकड्यात मोठी होते. ४ मीटरऐवजी ३ मीटर नोंदला गेला, तर ६४ चे एकदम ३६ होतात आणि तीव्र आजार कागदावर मध्यम ठरतो. म्हणूनच निष्णात प्रतिमातज्ज्ञ एकाच खिडकीतून पाहून थांबत नाही. तो बरगड्यांच्या मधून, मानेच्या खळीतून, उजव्या बाजूने, अशा निरनिराळ्या दिशांनी धारेचा माग काढतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. समजा, पंचाहत्तरीच्या एका आजोबांना जिना चढताना धाप लागते. झडप दगडासारखी कडक दिसते, पण दाबाचा फरक माफकच येतो. त्याचे कारण असे असू शकते, की हृदयाचा स्नायूच थकला आहे आणि रक्त जोराने ढकलण्याचे बळ त्यात उरलेले नाही. धारच क्षीण, मग वेग कोठून येणार? उलाढाल मंदावल्यामुळे उधारी कमी दिसावी आणि मालकाने पेढी सुदृढ समजावी, तसा हा प्रकार. केवळ आकडा वाचणारा ‘झडप फारशी बिघडलेली नाही’ असे म्हणेल. प्रतिमातज्ज्ञ मात्र औषध देऊन हृदयाला काही मिनिटे चेतवतो आणि पुन्हा मोजतो, किंवा सीटीवर झडपेतील चुन्याचे प्रमाण पाहतो. आजार खरोखर तीव्र ठरला, तर झडप बदलल्याने आयुष्य वाढू शकते. न ठरल्यास मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका टळतो. दोन्ही बाजूंना एका माणसाचे आयुष्य आहे.

झडप बदलण्यासाठी आता प्रत्येक वेळी छाती उघडावी लागत नाही. फ्रान्समधील रुआं येथे अलँ क्रिबिए यांनी एप्रिल २००२ मध्ये प्रथमच रक्तवाहिनीवाटे नवी एऑर्टिक झडप बसवली. या पद्धतीत शल्यविशारदाच्या डोळ्यांसमोर जुनी झडप नसते. तिचे माप सीटीच्या चित्रावरूनच घ्यावे लागते. माप लहान पडले तर कडेने गळती होते, मोठे पडले तर भोवतालचा भाग फाटण्याची भीती असते. हे मापही प्रतिमातज्ज्ञाच्याच डोळ्यांतून जाते.

रक्तवाहिन्या पाहणे आणि त्यांवर उपाय करणे

सर्वसामान्य घरांत अधिक चर्चा असते ती ‘ब्लॉकेज’ची. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या स्पष्टपणे पाहण्याची विद्या एका अपघाताने हाती आली. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रुग्णाची तपासणी करीत असताना नळीचे टोक नकळत उजव्या करोनरी धमनीत सरकले आणि क्ष-किरणांवर दिसणारे द्रव्य थेट तिच्यात गेले. हृदय क्षणभर थांबले. सोन्स यांनी रुग्णाला खोकण्यास सांगितले आणि ठोके पूर्ववत झाले. जे प्राणघातक समजले जात होते, ते बेताच्या प्रमाणात केल्यास सोसते, हे त्या दिवशी कळले. अँजिओग्राफीचा पाया तेथे पडला.

आज नळी न घालताही, हाताच्या शिरेतून द्रव्य सोडून, सीटी यंत्रावर या धमन्या पाहता येतात. अशा पाहण्याचा रुग्णाला लाभ होतो काय, याची मोठी परीक्षा स्कॉटलंडमध्ये झाली. ‘स्कॉट-हार्ट’ या अभ्यासात छातीत दुखण्याची तक्रार असलेले ४,१४६ रुग्ण दोन गटांत विभागले होते. एका गटावर नेहमीप्रमाणे उपचार झाले. दुसऱ्या गटाची त्याशिवाय सीटी अँजिओग्राफीही केली गेली. २०१८ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. करोनरी आजाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण नेहमीच्या गटात हजारी ३९, तर सीटीच्या गटात हजारी २३ होते.

या आकड्यांमागील कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पाच वर्षांअखेर नळीची अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी आणि बायपास यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. फरक होता तो प्रतिबंधक औषधांत. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागला आहे, हे चित्रात दिसताच डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी व रक्त पातळ ठेवणारी औषधे अधिक रुग्णांना दिली. अर्धी धमनी तुंबलेली नसतानाही झटका येऊ शकतो, कारण मऊ थर अचानक फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमते. असा थर वेळीच दिसणे, हा चित्राचा खरा उपयोग ठरला.

याला पूरक असा दुसरा अभ्यास म्हणजे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इस्केमिया’. त्यात भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते. या सर्वांचा आजार स्थिर होता; हृदयाला रक्त कमी पडते हे तपासणीत दिसत होते, पण नुकताच झटका आलेला नव्हता. डाव्या मुख्य धमनीत धोकादायक अडथळा नाही, याची खात्री बहुतेकांत सीटीने आधीच केली होती. अशा रुग्णांत सरसकट अँजिओग्राफी करून स्टेंट वा बायपास करणे आणि आधी औषधांवर ठेवणे, या दोन मार्गांत मृत्यू वा झटक्याच्या एकूण प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांना छातीत वारंवार दुखत होते, त्यांचे दुखणे मात्र पहिल्या मार्गाने अधिक कमी झाले. तेव्हा ‘सत्तर टक्के ब्लॉक आहे, आजच उरकून टाका’ अशी घाई प्रत्येक वेळी शास्त्रसंमत नसते. झटका प्रत्यक्ष आलेला असताना मात्र मिनिटामिनिटाला महत्त्व असते. तेव्हा चर्चा करीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

भारतीयांनी या विषयाकडे अधिक लक्ष द्यावे, याला कारण आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर देशांत हे वय सुमारे ५९ होते. त्रेपन्नावे वर्ष म्हणजे पेढीची सूत्रे वडिलांकडून पूर्णपणे हाती आलेली असतात, मुलांची शिक्षणे वा लग्ने समोर असतात. नेमक्या याच वयात कर्ता पुरुष छातीतील जळजळ ‘गॅस’वर ढकलतो. गृहिणी तर थकवा आणि धाप यांचा उच्चारही करीत नाही.

पॅकेजमध्ये हल्ली ‘कॅल्शियम स्कोअर’ही असतो. आर्थर ॲगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही मोजणी मांडली. द्रव्य न टोचता काढलेल्या सीटीत धमन्यांतील चुना मोजला जातो. शून्य, १ ते ९९, १०० ते ३९९ आणि ४०० वा अधिक, असे सर्वसाधारण टप्पे आहेत. लक्षणे नसलेल्या मध्यमवयीन माणसाला औषध सुरू करावे की नाही, अशी शंका असताना हा आकडा फार उपयोगी पडतो. मात्र ज्याला आधीच स्टेंट बसला आहे, त्याला तो नवे काही सांगत नाही. आणि ज्याला चालताना छातीत दुखते, त्याने शून्य पाहून निश्चिंत राहू नये. चुना न धरलेला मऊ थर या मोजणीत दिसत नाही.

लक्षण दिसण्यापूर्वीचे चित्र

एमआरआयचे सामर्थ्य आणखी निराळे आहे. झटक्यानंतर हृदयाचा कोणता भाग केवळ निपचित आहे आणि कोणता कायमचा व्रण झाला आहे, हे त्यात वेगळे दिसते. भिंतीच्या निम्म्याहून अधिक जाडीत व्रण असेल, तर रक्तपुरवठा सुधारूनही तो भाग पुन्हा जोमाने काम करण्याची शक्यता कमी असते. बायपासपूर्वी हे ठाऊक असणे महत्त्वाचे.

थॅलेसेमिया असलेल्या मुलांच्या बाबतीत तर या तंत्राने पारडेच फिरवले. वारंवार रक्त द्यावे लागल्याने त्यांच्या हृदयात लोह साचते. हृदयाची आकुंचनशक्ती कमी होईपर्यंत इकोवर सारे ठीक दिसू शकते. रक्तातील फेरिटिनचा आकडाही हृदयातील लोहाची खात्रीशीर खबर देत नाही. लंडनमधील तज्ज्ञांनी २००१ मध्ये ‘टी-टू-स्टार’ ही एमआरआयची मोजणी मांडली. हा आकडा २० मिलिसेकंदांहून खाली गेला म्हणजे हृदयात लोह साचू लागले, आणि १० हून खाली गेला म्हणजे धोका मोठा, असे समजतात. तेव्हाच लोह काढणारे औषध वाढवता येते. मूल शाळेत जात असते, खेळत असते, आणि पुढील संकट चित्रात आधीच दिसलेले असते.

तपासणीला जाताना

पहिली गोष्ट म्हणजे, तपासणीमागील प्रश्न विचारून घ्यावा. ‘या चित्रातून काय ठरवायचे आहे आणि उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार आहे काय?’ हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अनादर नाही. उत्तराने काहीच बदलणार नसेल, तर खर्च आणि किरण दोन्ही वाचवता येतात. इको व एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, सीटीत असतात. कॅल्शियम स्कोअरला सुमारे १ मिलिसिव्हर्ट मात्रा पुरते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. भीती बाळगण्याचे कारण नाही, पण दरवर्षी हौसेने करण्याचीही ही गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट जुन्या कागदांची. दोन वर्षांपूर्वीचा इको आणि आजचा इको शेजारी ठेवले, तर एकट्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक कळते. अहवालाबरोबर मूळ चित्रांची सीडीही मागून घ्यावी आणि घरातील महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत जपावी.

तिसरी गोष्ट या घरांना विशेष लागू आहे. सीटी अँजिओग्राफीचे द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून तपासणीआधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात आणि शरीरात पाणी पुरेसे असावे अशी अपेक्षा असते. चौविहार उपवास, अठ्ठाई किंवा दीर्घ तप सुरू असेल अथवा नुकतेच पारणे झाले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि तातडी नसल्यास तपासणीची तारीख पुढे घ्यावी. मधुमेहाची औषधे, दमा आणि पूर्वी एखाद्या द्रव्याची आलेली ॲलर्जी यांचीही कल्पना द्यावी. तपासणीआधी नाडी मिनिटाला साठच्या आसपास आणण्यासाठी गोळी देतात, कारण धावत्या हृदयाचे चित्र पुसट येते. एमआरआयपूर्वी पेसमेकर वा शरीरातील अन्य धातूची माहिती लपवू नये.

आणि शेवटी, अहवाल हाती आल्यावर तो मोबाईलवर शोधत बसण्यापेक्षा ज्यांनी तपासणी सुचवली त्यांच्यासमोर ठेवावा. दोन डॉक्टरांच्या वाचनात फरक पडला, तर त्यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. लुंडमध्येही एका रेषेचा अर्थ लावायला बराच काळ लागला होता. अशा वेळी तीच चित्रे तिसऱ्या जाणकाराला दाखवावीत. यंत्रे दरवर्षी अधिक स्पष्ट चित्रे देतील, त्यांतील पुष्कळ मोजमाप संगणकही करील. पण समोरच्या माणसाला धाप कधीपासून लागते, तो जिना चढताना कितव्या पायरीवर थांबतो, हे विचारून मगच पडद्याकडे पाहणारा डॉक्टर लाभणे, ही त्या घराची खरी पुण्याई.